लायसन अवघड करा, माझा धंदा बसला तरी चालेल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या अंकात वाहनचालकांची जी गाऱ्हाणी छापून येतात, ती मी नेमाने वाचते. ई-चलान म्हणजे लूट, ट्रायल घेणारे साहेब फार कडक, ट्रॅकवर जरा चाक बाहेर गेलं की नापास, आणि शेवटी हमखास ‘आधी खड्डे बुजवा, मग आमच्याकडे बघा’. मी कोल्हापुरात मोटार ट्रेनिंग स्कूल चालवते. शिकवायलाही मीच बसते, डावीकडच्या सीटवर, पायाखाली दुसरा ब्रेक आणि दुसरा क्लच घेऊन. माझं म्हणणं या सगळ्या पत्रांच्या उलटं आहे आणि ते वाचून माझे धंदाभाऊही माझ्यावर उखडणार आहेत. आपल्याकडे लायसन फार स्वस्तात मिळतं. ते अवघड करा.

खड्ड्यांचं म्हणाल तर ठेकेदाराला उभा-आडवा घ्या, मी येते मोर्चाला. पण सरकारी आकडा बघा. २०२२ साली एकट्या महाराष्ट्रात रस्त्यांवर १५,२२४ माणसं गेली. देशभरातल्या मृत्यूंपैकी ७१ टक्क्यांसमोर कारण लिहिलंय ‘अतिवेग’. पंचनाम्यात अतिवेग लिहून मोकळं होणं सोपं असतं, हे मलाही कळतं. म्हणून त्यातलं निम्मं खोटं धरा. उरतं ते काय थोडं आहे? आणि खड्ड्यातून कुणी शंभरनं जात नाही. शंभर गाठतात ते गुळगुळीत रस्त्यावर.

आता माझ्या दुकानात काय चालतं ते सांगते. नियम असा आहे की हलकी मोटार शिकवायची तर किमान २१ दिवस, आणि त्यात प्रत्यक्ष स्टिअरिंग हातात किमान १० तास. कुणी किती तास चालवली ते फॉर्म १५ वर लिहून ठेवायचं. दारात आलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो, ‘‘किती दिवसांत होईल?’’ दुसरा, ‘‘लायसन धरून किती?’’ २१ दिवस म्हटलं की तोंड वाकडं. ‘‘मॅडम, ट्रॅक्टर चालवतोय की मी. चार दिवस हात फिरवला की बास.’’ रोज अर्धा तास, तोही पंधरा दिवस, म्हणजे सगळे मिळून साडेसात तास झाले, हा हिशेब मांडून दाखवला की गिऱ्हाईक चपला घालतं. पुढच्या चौकात त्याला हवा तसा कुणीतरी भेटतोच.

त्याहून अवघड जात म्हणजे बाप. ‘‘पोरगं लई हुशार हाय मॅडम. अठराला चार महिनं कमी हायेत, तवर हात बसवून ठेवा. गावाकडच्या रस्त्याला कोण बघतंय?’’ २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन पोरानं गाडीखाली कुणाला घेतलं तर पालकाला २५ हजार दंड, ३ वर्षांपर्यंत कैद आणि गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, असा कायदा आहे. तो ऐकवला की बाप हसतात. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला दोन तरुण अभियंते एका अल्पवयीन पोराच्या भरधाव मोटारीच्या धडकेत गेले आणि त्या पोराला जामीन देताना लिहायला सांगितलेल्या तीनशे शब्दांच्या निबंधावरून सगळा महाराष्ट्र पेटला होता. त्याच दिवसांत एक गृहस्थ माझ्यासमोर बसून त्या पोराच्या बापाला शिव्या घालत होते. बोलून झाल्यावर म्हणाले, आमच्याला कधीपासून पाठवू? वय विचारलं तर सोळा.

लर्निंगची गोष्ट आणखी मजेची. जून २०२१ पासून आपल्या राज्यात आधारवरून घरबसल्या लर्निंग निघतं. सोय चांगली आहे, लोकांचे हेलपाटे वाचले. पण संगणकासमोर घरात नेमकं कोण बसलं होतं ते आमच्याकडे गाडीत बसल्यावर कळतं. गोल पाटी म्हणजे हुकूम आणि त्रिकोणी पाटी म्हणजे इशारा, एवढं ज्याला माहीत नाही त्याच्या खिशात लर्निंग असतं. त्यातून पास व्हायला ६० टक्के पुरे. म्हणजे चाळीस टक्के पाट्या कळल्या नाहीत तरी सरकारची हरकत नाही.

मला कुणी ट्रायल घ्यायला बसवलं तर मी काय घेईन, हे मी शिकवता शिकवता बऱ्याचदा मनात ठरवते.

पहिली बोनेटची. हल्ली नवी उंच गाडी घेऊन माणसं माझ्याकडे ‘फक्त सराव’ म्हणून येतात. मी त्यांना ड्रायव्हर सीटवर बसवते, सीट हवी तशी लावू देते आणि मुलांचं बसायचं प्लास्टिकचं स्टूल गाडीसमोर लांब ठेवते. मग ते एकेक पाऊल बोनेटकडे सरकवायचं. ‘‘दिसतंय?’’ ‘‘दिसतंय.’’ ‘‘आता?’’ ‘‘दिसतंय की.’’ ‘‘आता?’’ ‘‘गेलं.’’ मग खाली उतरून बघा म्हणायचं, स्टूल कुठं आहे ते. ते बोनेटला चिकटलेलं असेल अशी प्रत्येकाची समजूत असते. प्रत्यक्षात मधे एक पोर आरामात उभं राहील एवढी जागा असते. बहुतेक जण त्यानंतर थोडा वेळ बोलत नाहीत. एकानं मात्र, ‘‘कॅमेरा बसवून घेतो,’’ म्हणून विषय संपवला आणि तीच गाडी घेऊन तो शुक्रवारी, अंबाबाईच्या वारी, महाद्वार रोडच्या तोंडाशी अडकलेला मला दिसला. ज्याचं घर गल्लीत आहे त्यानं इतकी मोठी गाडी घेऊ नये, असं माझं मत आहे. ते माझ्या भावालाही पटत नाही.

गंमत म्हणजे छोट्या मोटारीवर ट्रायल दिली तरी कायद्याच्या हिशेबात ‘हलकं मोटार वाहन’ ७,५०० किलोपर्यंत जातं. त्याच लायसनवर तेवढ्या वजनाचा मालवाहू टेम्पोही चालवता येतो, यावर सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी नोव्हेंबर २०२४ मध्ये शिक्कामोर्तब केलं. लाखो ड्रायव्हरांच्या पोटाचा प्रश्न होता, निकाल मला समजतो. पण मग ट्रायल तरी त्या वजनाला साजेशी नको का?

दुसरी घाटाची. कोल्हापूरकर नवी गाडी घेतली की पहिल्या रविवारी आंबा घाट उतरून गणपतीपुळ्याला जाणार, हे ठरलेलं. आणि घाट उतरताना गाडी न्यूट्रल करणार. पेट्रोल वाचतं म्हणतात. हे खूळ वडिलांकडून मुलाकडे जातं आणि ते काढताना माझी दमछाक होते. आताच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत गिअरमध्ये राहून उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनाला जाणारं इंधनच तुटतं, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलला मात्र इंजिन जिवंत ठेवायला इंधन जाळावंच लागतं. म्हणजे वाचवायला गेलात ते जास्त खर्च केलंत, वर इंजिनाचा अटकाव गेला आणि सगळा भार ब्रेकवर आला. ब्रेक तापत गेले की पकड ढिली होते. काही शहाणे तर किल्लीच फिरवतात. इंजिन बंद पडलं की ब्रेकला मिळणारी मदत दोन-चार दाबांत संपते, मग पेडल दगडासारखं लागतं आणि स्टिअरिंगही जड होतं. ट्रकचं तर विचारूच नका. त्याचे ब्रेक हवेवर, हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावर. २० नोव्हेंबर २०२२ ला पुण्यात नवले पुलाजवळ एका अवजड वाहनानं उतारावर तब्बल ४८ गाड्यांची वाट लावली. ब्रेक फेल झाले म्हणून आधी बोभाटा झाला. नंतरच्या बातम्यांत आलं ते उतारावर इंजिन बंद केल्याचं. नवले पुलाची रचना चुकलीय असं म्हणणाऱ्यांचं काही अंशी खरंही असेल. पण आपल्या लायसनच्या ट्रायलमध्ये असा उतार कुठं असतो? ज्याला दुसऱ्या गिअरमध्ये, ब्रेकवर पाय न रोवता घाट उतरता येत नाही, त्याला लायसन देऊ नये, एवढं साधं आहे हे.

आणि चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हे नियमात लिहिलेलं आहे बरं का. करूळ घाटात अरुंद जागी उतरणाऱ्यानं थांबायचं असतं. मी थांबते तर मागचा हॉर्नवर हात ठेवून बसतो.

हॉर्नचं निघालंच आहे तर सांगते. शिकाऊ बाई दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला आहे, हिरवा पडला, घाईत क्लच सुटला, गाडी बंद. मागं पुढं लाल अक्षरातली एल पाटी असते, आंधळ्यालाही दिसेल अशी. तरी मागून एकसुरात भोंगा सुरू. तिचे हात थरथरायला लागतात. मी तिला सांगते, ‘‘वाजू दे. न्यूट्रल कर, श्वास घे, मग किल्ली.’’ आरशात बघते तर वाजवणारा बहुतेकदा पाचेक वर्षांपूर्वी अशाच एखाद्या गाडीत शिकलेला असतो. दोनदा विनाकारण हॉर्न दिला की ट्रायल नापास, असा नियम करा. बाकी पंचेचाळिशीत शिकायला आलेल्या बायका माझ्या बघण्यात सगळ्यात भरवशाच्या ड्रायव्हर होतात. आरसा बघतात, अंतर ठेवतात, येत नाही ते येत नाही म्हणतात. फक्त त्यांना नवऱ्यानं शिकवू नये. नवऱ्याकडे चार दिवस शिकून आलेली बाई मला पहिल्यापासून शिकवावी लागते, कारण तिला गाडीची नाही, शेजारच्या सीटची भीती बसलेली असते.

तिसरी परीक्षा अंधारातली, आणि आमच्या भागात तर ती सक्तीची हवी. ट्रायल कायम उजेडात होते. गळीत हंगाम सुरू झाला की शिरोळ, हातकणंगले, कागलच्या रस्त्यांवर रात्रभर उसाचे ट्रॅक्टर, मागं दोन-दोन ट्रॉल्या. टेललाइट नाही, रिफ्लेक्टर चिखलानं झाकलेला, गाणी मात्र पुढच्या गावापर्यंत ऐकू येतील अशी. त्यांना पकडा, कारखान्यांनी रिफ्लेक्टर लावल्याशिवाय ऊसच घेऊ नये, सगळं मान्य. पण समोरून येणारा अप्परवर, म्हणजे दिव्याच्या लांब झोतावर, आपणही रागानं अप्पर दिला, दोघंही काही सेकंद आंधळे, आणि पुढं ट्रॉली उभी. आपल्या दिव्याच्या उजेडात जेवढा रस्ता दिसतो तेवढ्यात गाडी थांबली पाहिजे, हे कुणी शिकवत नाही. मी हंगामात शिकणाऱ्यांना एकदा तरी रात्री नेते. घरचे कुरकुरतात, पोरगी असेल तर जास्तच. मी म्हणते, मग तुम्ही मागच्या सीटवर बसा, पण पट्टा लावून. तिथंही वाद होतो. मागच्या सीटला कसला पट्टा! उद्योगपती सायरस मिस्त्री मागच्या सीटवर पट्ट्याविना गेले त्याला फार वर्षं झाली नाहीत.

ई-चलानचं थोडक्यात उरकते. कॅमेऱ्यानं टिपलंय, फोटो आहे, तर भरा. लोकअदालतीत कमी होतील म्हणून चलान साठवून ठेवणारे माझ्या ओळखीत आहेत, आणि ते या गोष्टीला व्यवहारज्ञान म्हणतात. मला विचाराल तर दंडाचा उपयोगच कमी आहे. ज्याला परवडतो तो भरतो आणि पुन्हा तसाच जातो. तिसऱ्या चलानला पैसे घेऊ नका, पुन्हा ट्रायलला उभा करा. रांगेत. शिकाऊ पोरांच्या मागं.

आणि सगळ्यांत जास्त शिव्या ज्याला पडतील ते आता. विशीत काढलेलं लायसन हल्ली चाळिशीपर्यंत चालतं. तोवर रस्ते बदलले, गाड्या बदलल्या, नियम बदलले, माणसाची नजरही बदलली, तरी शेजारी बसून बघायला कुणी येत नाही. चाळिशीनंतर नूतनीकरणाला डॉक्टरांचा फॉर्म १-ए लागतो. तो डोळे-कान सांगतो, गाडी कशी चालवता ते सांगत नाही. माझं म्हणणं, दर दहा वर्षांनी सगळ्यांची ट्रायल घ्या, साठीनंतर पाच वर्षांनी, आणि शिकवणाऱ्यांनाही सोडू नका. हे मी घरी बोलले तेव्हापासून माझे सासरे माझ्याशी कामापुरतंच बोलतात. त्यांची गाडी मी रोज बघते, म्हणून तर बोलले.

यावर नेहमीचं उत्तर येईल, गरिबानं काय करायचं? ड्रायव्हरकी हा शिक्षण सुटलेल्या पोराचा आधार आहे, ट्रायल कडक केली तर तो मरेल. या पोरांना मी चांगली ओळखते, माझ्याकडे हप्त्यानं फी देणारे तेच असतात. त्यांची फी सरकारनं भरावी, शंभर टक्के भरावी. पण त्यांची ट्रायल सोपी करू नये. कच्चा ड्रायव्हर टेम्पोवर बसला की आधी तोच जातो.

सरकारनं २०२१ पासून मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांची योजना आणली आहे. चार आठवडे, २९ तास, त्यातले २१ तास प्रत्यक्ष. अभ्यासक्रम उत्तम, माझ्यासारख्या लहान स्कूलला जड जाईल, तरी उत्तम. पण तिथून पास झालेल्याला आरटीओच्या ट्रायलमधून सूट आहे, ती मला अजिबात पटत नाही. मी ज्याची फी घेतली आहे, ज्याचा बाप माझ्या गल्लीत राहतो, ज्याची बहीण पुढच्या महिन्यात शिकायला येणार आहे, त्याला मी नापास करणार? एकदा करीन, दोनदा करीन. शिकवणारा आणि पास करणारा एकच ठेवू नका. ट्रायल आरटीओनंच घ्यावी, आजच्या दुप्पट वेळ घ्यावी, आणि माझी पोरं बिनधास्त नापास करावीत. मी त्यांना पुन्हा शिकवीन, अर्ध्या फीत.

आपली,
एक मोटार ड्रायव्हिंग शिक्षिका
राजारामपुरी, कोल्हापूर