मावशी, तुम्ही बाईंचा वर्ग चालू ठेवलात

प्रिय मावशी,

हे पत्र तुमचा नातू मोबाइलवर वाचून दाखवेल. त्याला म्हणावं, घाई करू नकोस. आणि तुम्ही मध्येच "ताई उगाच काहीतरी लिहितात" म्हणून त्याला थांबवू नका.

आईच्या बाराव्याला तुम्ही दाराशीच बसून होतात. तेव्हा नीट बोलणं झालं नाही.

एजन्सीच्या कागदावर तुमचं काम होतं अंघोळ, डायपर, औषधं, भरवणं. तुम्ही मात्र आल्या दिवसापासून आईला 'बाई' म्हणायला लागलात. पेशंट नाही, आजी नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्म काढलेल्या बाईला आणखी काय हवं होतं? माझं नाव तोवर ती विसरली होती. मी कधी तिची बहीण असायचे, कधी केंद्रप्रमुख. पण निमकी, पाऊणकी, दिडकी हे अर्ध्याचे, पाऊणचे, दीडचे जुने पाढे शाबूत होते. अल्झायमरमध्ये नवं काही टिकत नाही, फार जुनं मात्र बराच काळ राहतं, असं डॉक्टरांनी समजावलं होतं. तुम्ही त्याचा वर्गच केलात. दुपारी तिच्यासमोर मांडी घालून बसायचं आणि दिडकी म्हणायची. सातला अडलात की तिकडून ठणठणीत "साडेदहा!" यायचं. तुम्ही मुद्दाम अडत होतात की खरंच येत नव्हतं, हे मला अजून कळलेलं नाही.

तिन्हीसांजेला तिचं "घरी जायचंय, आई वाट बघत असेल" सुरू व्हायचं. येणारेजाणारे समजूत घालायचे, "अहो, हेच तुमचं घर." त्यानं ती आणखी बिथरायची. तुम्ही वाद घातला नाहीत. "चला बाई, चपला घाला," म्हणून तिला कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत न्यायचात, वाटेत तिच्या आईबद्दल विचारायचात आणि परत फिरून "आलं घर" म्हणत आत आणायचात. या आजारात संध्याकाळी अशी घालमेल वाढते, तेव्हा हुज्जत घालू नये, हे डॉक्टरांनी आम्हाला नंतर सांगितलं. तुम्हाला कोणी सांगितलं होतं?

शेवटी शेवटी पाण्याचाही ठसका लागायचा. तेव्हा तिला ताठ बसवून नाचणीची दाट पेज भरवायची, आधीचा घास गिळला का ते पाहूनच पुढचा चमचा. एक वाटी संपायला तासभर. तुमच्या तोंडून कधी "आटपा" आलं नाही. ती अंथरुणाला खिळल्यावर रात्रीसुद्धा दर दोन तासांनी कूस बदललीत, म्हणूनच पाठीवर जखम झाली नाही.

पण मला सगळ्यात मोठं देणं वाटतं ते वेगळंच. पहाटे उठून ती "पोरांना बाहेर काढा, भिंत येतेय" असं ओरडायची. आम्हाला तो भ्रम वाटला. तुम्ही पाटणकडच्या, तुम्ही विचारलंत, "बाई, कोयनेचा भूकंप का?" ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. आई तेव्हा पाटण तालुक्यात नुकतीच नोकरीला लागली होती, एवढंच आम्हाला ठाऊक. ती जिथे भाड्याने राहायची त्या घराची भिंत खचली, मालकिणीच्या दोन पोरांना तिनं ओढून बाहेर काढलं, पुढे शाळा आंब्याखाली भरायची आणि पाट्या ढिगाऱ्यात गेल्या म्हणून सगळे पाढे तोंडीच, हे तिनं आम्हाला उभ्या जन्मात सांगितलं नव्हतं. तुम्हाला सांगितलं, तुकड्यातुकड्यानं, रात्री. तुम्ही ते जोडत गेलात. आज कोणी आईबद्दल विचारलं की मी जे सांगते, त्यातलं निम्मं तुमच्याकडून आलेलं असतं.

पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे. तुम्ही यायचंच, पण स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. मामा येणार आहेत, त्यांनाही भूकंपाचं काही माहीत नाही. जेवणं झाली की तुम्ही पहिल्यापासून सगळं सांगायचं, मी मोबाइलवर रेकॉर्ड करणार आहे. त्या मालकिणीचं नाव आई काय सांगायची, तेवढं तोवर आठवून ठेवा.

तुमची,
बाईंची मुलगी