ट्रिम टॅब बसला, मंडळी!

आमच्या जुन्या आरव्ही-६ या दोन सीटच्या छोट्या विमानाच्या डाव्या एलिव्हेटरवरचा (एलिव्हेटर म्हणजे नाक वर-खाली करणारी शेपटीची हलती फळी) ट्रिम टॅब, म्हणजे त्याच्या मागच्या कडेची छोटी हलती पट्टी, अखेर बसला. त्याचं श्रेय माझ्या एकट्याचं नाही, म्हणून हे जाहीर आभार.

टॅबचा पियानो हिंज (लांब पट्टीसारखी बिजागरी) पार झिजला होता. बोटाने हलवला तरी खुळखुळायचा. दिसायला छोटीशी गोष्ट, पण टॅबमध्ये ढिलाई राहिली तर वेगात फ्लटर (आपोआप वाढत जाणारी जोरदार थरथर) सुरू होऊ शकतो, आणि मग शेपटीचीही शाश्वती नसते. नवीन हिंजच्या वेळी शेजारच्या हँगरमधले आजोबा बकिंग बार (रिव्हेट ठोकताना मागून टेकवायचा धातूचा ठोकळा) धरून उभे राहिले आणि एकही रिव्हेट तिरका जाऊ दिला नाही. (माझ्या कॉफीला नावं ठेवणं मात्र अखंड चालू.)

ट्रिमच्या केबलचं टोक टॅबच्या हॉर्नला (टॅबवरच्या छोट्या दांडीला) जोडून झाल्यावर मेकॅनिक बाईंनी मला शेपटीशी उभं केलं, स्वतः कॉकपिटमधला ट्रिमचा लिव्हर पुढे ढकलला आणि विचारलं, "टॅब वर गेला का?" नाक खाली आणायचं तर टॅब वर जायला हवा (वर गेलेला टॅब एलिव्हेटरला खाली ढकलतो), नवख्याला हे हमखास उलटं वाटतं. कॉटर पिनची (जोड सुटू नये म्हणून घालतात ती पिन) टोकंही त्यांनी स्वतः वळवून दाखवली.

रंगानंतर एलिव्हेटरचा तोल पुन्हा तपासायची आठवण करणाऱ्या भल्या माणसा, तुझेही मनापासून आभार. रंगालाही वजन असतं राव!

चाचणी उड्डाणं आटोपली की उजवी सीट तुमचीच. आधी कोण, ते आपसांत ठरवा. मी त्यात पडणार नाही.