आवाज पोचतोय ना? नाही पोचत!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकात श्रवणदोषाच्या परिषदेची बातमी वाचली. 'उत्स्फूर्त प्रतिसादात' पार पडली म्हणे. होतो मी तिथे. दुसऱ्या रांगेत, दोन्ही कानांना मशीन लावून. दीपप्रज्वलन सोडलं तर काडीचं कळलं नाही, आणि ते कळलं कारण त्यात ऐकायचं काही नसतं.

पहिल्याच वक्त्यांनी माइक बाजूला सारला. "मला माइक लागत नाही, आवाज पोचतोय ना शेवटपर्यंत?" हे अर्थात पुतणीने नंतर सांगितलं. सभागृहातून जोरात "हो" आलं म्हणे. अहो, ज्यांना पोचत होता तेच हो म्हणणार ना! ज्यांना नाही पोचला त्यांना प्रश्नच ऐकू आला नाही, ते काय उत्तर देणार डोंबल? झालं, एकाने पायंडा पाडला, मग पुढचा प्रत्येक जण माइक नको म्हणायला लागला, जसं काही माइक धरला तर अब्रू जाते.

लोकांना वाटतं मशीन लावलं की झालं, चष्म्यासारखं. तसं नसतं हो. मशीन जवळचं सगळंच मोठं करतं, खुर्च्यांची करकर, एसीची घरघर, मागच्यांची कुजबुज, आणि लांबून बोलणारा माणूस त्यात बुडून जातो. माझे कान वागळे इस्टेटच्या कारखान्यात, प्रेस शॉपच्या धडधडाटात गेले. असे कान जातात तेव्हा आधी बारीक आवाज जातात, स, श, फ वगैरे. रिक्षावाला साठ म्हणाला की मला आठ ऐकू येतं, तेवढ्यापुरता आनंद होतो. बाकीचं आम्ही ओठ बघून जुळवतो, तर इथे स्लाइड नीट दिसाव्यात म्हणून दिवेच घालवले! ओठ गेले आणि साइन लँग्वेजवाली ती मुलगी बिचारी अंधारात हात हलवत उभी. (ती होती याबद्दल आयोजकांचे खरंच आभार, हे टोमणा म्हणून नाही.) पण उतारवयात कान गेलेल्या आमच्यासारख्यांना साइन कुठे येते, आम्हाला बोललेलं पडद्यावर लिहून आलेलं लागतं. 2016 च्या दिव्यांग कायद्याची एक स्लाइड होती, दोन्ही कानांत 60 ते 70 डेसिबलची घट म्हणजे कमी ऐकू येणारे, 70 आणि पुढे बधिर. तेवढं मला समजलं. का, तर लिहिलेलं होतं.

पुतणीने शेवटी फोनवर लाइव्ह ट्रान्सक्राइब, म्हणजे बोललेलं लिहून दाखवणारं ॲप, लावून मांडीवर ठेवलं. फुकट आहे आणि मराठीही लिहितं. पण वक्ते लांब स्टेजवर, बिनमाइकचे, आणि मागे दोन बायका कोळणीने लावलेल्या भावावर बोलत होत्या. फोनने इमानदारीत त्यांचंच लिहिलं, 'मी म्हटलं पापलेट आहे की सोनं'. संवाद सुलभतेवर मला मिळालेलं मार्गदर्शन ते एवढंच.

बऱ्याच मशीनमध्ये टेलिकॉइल नावाची तारेची छोटी गुंडाळी असते, हॉलला लूपची वायर फिरवली तर माइकमधला आवाज मधला कालवा टाळून थेट मशीनमध्ये येतो. माइकमधला बरं का, म्हणजे पुन्हा माइक आलाच. गडकरीला, घाणेकरला, वाशीच्या भावे नाट्यगृहात ही सोय हवी असं त्या दिवशी कोणी म्हणालं असेलही, मला ऐकू आलं नाही.

आणि रागावू नका, पण थोडं तुमच्याकडेही येतं. परिषदेचं निवेदन तुमच्याच पेपरात होतं, 'नावनोंदणीसाठी फक्त फोनवर संपर्क साधावा'. ऐकू न येणाऱ्यांनी! हे छापताना डेस्कवर एकालाही हसू आलं नाही? माझं नाव पुतणीने नोंदवलं, ज्याला पुतणी नाही त्याने काय करायचं?

जाता जाता उद्घाटकांबद्दल. फोटो छान आलाय त्यांचा समईसोबत. त्यांच्याच दहीहंडीला आमच्या खिडकीच्या काचा थरथरतात. कानाची तज्ज्ञ मंडळी सांगतात की 85 डेसिबल आवाज आठ तास चालतो, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा करायचा, म्हणजे 100 ला पाव तास. साहेबांचा डीजे सकाळी सुरू होतो आणि हंडी फुटते रात्री. त्या स्पीकरच्या भिंतीसमोर नाचणारी पोरं बघितली की वाटतं, पुढच्या परिषदांना श्रोते कमी पडणार नाहीत.

पत्र छापाल ही अपेक्षा. काटछाट करायची झाली तर मेसेज करा, फोन नको.

आपला,
एक जुना वाचक
नौपाडा, ठाणे (प.)