तळेकच्या तंबूतून आई-बाबांना

तळेक, मसाई मारा, केनिया
९ ऑगस्ट

तीर्थरूप आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र दादा छापून आणून देईल. अक्षर मोठे ठेवायला मी त्याला सांगितले आहे, कारण आईच्या डोळ्यात अजून थेंब चालू आहेत आणि बाबांना चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही. फोनवर बोलता आले असते. पण आई मध्येच ‘जेवलीस का’ म्हणून विचारते, बाबा ‘बरं, ठेवतो’ म्हणतात, आणि सांगायचे ते तसेच राहून जाते.

बँकेचा राजीनामा मी दिला आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात दिला आणि ३१ जुलै हा माझा तिथला शेवटचा दिवस होता. ‘रजा टाकून चालले आहे’ असे मी निघताना तुम्हाला म्हणाले ते खोटे होते, आणि विमानात बसल्यापासून मला सर्वांत जास्त तेच बोचत आहे. पुण्यातल्या एका लहानशा सहल संस्थेबरोबर मी काम धरले आहे. जुलै ते ऑक्टोबर छायाचित्रणाची हौस असलेल्या मंडळींना इथे मारामध्ये आणायचे, आणि फेब्रुवारीत टांझानियात नदुतूला न्यायचे, जिथे त्या दिवसांत विल्डेबीस्टची, म्हणजे गाईसारख्या दिसणाऱ्या मोठ्या हरणांची, पिल्ले जन्मतात. यंदा ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत अजून तीन तुकड्या आहेत. म्हणजे १३ तारखेला मी परत येईन, चार दिवस कोल्हापूरला राहीन आणि पुन्हा निघेन. गणपतीत मी नसेन. दिवाळीला मात्र नक्की असेन, पहिल्या आंघोळीला उठवायलासुद्धा.

बाबा, तुम्ही आता मनात हिशेब मांडायला लागला असाल, म्हणून मीच मांडते. फ्लॅटचे हप्ते मार्चमध्ये फिटले. चौदा वर्षांच्या भविष्यनिधीला मी हात लावलेला नाही आणि लावणार नाही. तुम्हा दोघांचा आरोग्यविमा वेगळा आहे, त्याचा माझ्या नोकरीशी काही संबंध नव्हता आणि तो पुढेही तसाच चालू राहील. उत्पन्न पहिली दोन वर्षे कमी असेल, पण एकटीच्या खर्चाला पुरेल. नोकरीला मी कंटाळले नव्हते, कुणाशी भांडणही झाले नाही. ती नोकरी मिळाली तेव्हा तुम्ही गल्लीत पेढे वाटले होते, हे मी विसरलेले नाही. ते पेढे वाया गेले असे कृपा करून समजू नका. त्याच पगारातून हा कॅमेरा आला.

गेल्या सप्टेंबरचे तुमच्या मनात असणारच. बाबा बाथरूममध्ये पडले तेव्हा मी सेरेंगेटीत होते आणि मला ते दोन दिवसांनी कळले. दादा आणि काकूंनी सगळे निभावले. पण त्या दोन दिवसांत मी सिंहांचे फोटो काढत होते, ही गोष्ट मला अजून झोपू देत नाही. म्हणून यंदा माझ्याकडे दोन फोन आहेत, त्यातला एक इथल्या सिमकार्डाचा, आणि कॅम्पवर वायफायही आहे. मारामध्ये बहुतेक ठिकाणी नेटवर्क मिळते. इथले घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. अभयारण्याच्या फाटकाबाहेर आम्हाला साडेसहापर्यंत पडावेच लागते, त्यामुळे तुमच्या रात्री साडेनऊला, म्हणजे इथल्या सातला, मी रोज फोन करीन.

परवा घडले ते मात्र मला तुम्हाला सविस्तर सांगायचे आहे, कारण बाबा, ते आबांपाशी जाऊन पोचते. सकाळी सातच्या सुमारास एका वारुळावर चित्त्याची मादी बसलेली दिसली. (आई, बिबट्या नव्हे. बिबट्याच्या अंगावर फुलांसारखी वर्तुळे असतात. याच्या अंगावर भरीव काळे ठिपके असतात आणि डोळ्यांपासून ओठांपर्यंत काजळ ओघळावे तशा दोन रेषा.) खाली गवतात तिची तीन पिल्ले होती, पाठीवर राखाडी केसांची आयाळ असलेली, अगदी लहान. ती वारुळावरून उतरली आणि तिने पिल्लांना हाक दिली. काय आवाज असेल म्हणता? चिमणीचा! मी आधी आजूबाजूला पक्षीच शोधत होते. एवढे वेगवान जनावर, पण त्याला सिंहासारखी डरकाळी नाही. पिल्लांना बोलावताना ते चिवचिवते. आई, तू अंगणातून मला ‘ए चिमणे’ म्हणून हाक मारायचीस ना, तेच मला आठवले, आणि पाहुण्यांसमोर डोळे पुसण्याची वेळ आली.

मग तिने थॉमसन गझेलच्या एका हरणाचा पाठलाग केला. मिनिटभराचासुद्धा खेळ नव्हता. हरीण पडल्यावर लगेच खाण्याइतकाही दम तिच्यात उरला नव्हता. ती शेजारी बसून धापा टाकत राहिली आणि तिच्या बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या. तेवढ्यात एखादा तरस किंवा सिंह आला तर तिला शिकार सोडून द्यावी लागते, कारण तिचे शरीर धावण्यासाठी घडलेले आहे, झुंजण्यासाठी नाही. आबा सांगायचे, संस्थानातले चित्ते डोळ्यांवर पट्टी बांधून गाडीवरून माळावर नेत आणि काळवीट दिसले की पट्टी काढत. आपल्याकडचे चित्ते मिळेनासे झाले तसे दरबाराने ते आफ्रिकेतून मागवले, आणि १९५२ साली तर भारतातून चित्ता संपल्याचे जाहीरच झाले. लहानपणी ती गोष्ट मला फार ऐटदार वाटायची. परवा त्या बरगड्या पाहिल्यावर पहिल्यांदाच मला पट्टीखालच्या डोळ्यांचा विचार सुचला.

एका जनावराजवळ पाचपेक्षा जास्त गाड्या थांबू नयेत असा इथला नियम आहे. परवा मी सोळा मोजल्या. पिल्ले आईकडे येऊ पाहत होती आणि मध्ये गाड्या होत्या. मी आमच्या चालकाला मागे वळायला सांगितले. पाहुणे नाराज झाले, एकजण तर रात्रीच्या जेवणापर्यंत माझ्याशी बोलला नाही. लाखो रुपये भरून माणूस येतो, त्याचीही बाजू मला कळते. पण बाबा, रंकाळ्यावर तुम्ही तुमचा क्लिक थ्री कॅमेरा माझ्या हातात दिला होता तेव्हा एका रोलमध्ये बाराच फोटो असायचे, आणि ‘आधी बघ, मग दाब’ एवढेच तुम्ही शिकवले होते. आताचे कॅमेरे एका सेकंदात वीस फोटो काढतात. गेल्या वर्षी मी सहा हजार फोटो घेऊन घरी आले आणि त्यातले चाळीससुद्धा ठेवण्यासारखे नव्हते. त्या सकाळी मी अकरा काढले. माझ्या तुकडीला मी हेच शिकवणार आहे, आणि ते शिकवण्यासाठी बँक सोडणे तुम्हाला वेडेपणाचे वाटेल, तरी तुमच्याच शिकवणीचे आहे, असे म्हणण्याचा आगाऊपणा मी करते.

आता माझ्या सुखसोयींविषयी, म्हणजे आईची झोप उडणार नाही. तंबू म्हणजे शाळेच्या सहलीतला तंबू नव्हे. आत पलंग आहे, मागे न्हाणीघर आहे, गरम पाणी आहे. इथली उंची दीड हजार मीटरच्या वर असल्यामुळे पहाटे गारठा असतो, आणि म्हणून रात्री पांघरुणात गरम पाण्याची पिशवी ठेवून देतात, अगदी आजीच्या रबरी पिशवीसारखी. तू विणलेला स्वेटर रोज घालते. चपातीला इथेही चपातीच म्हणतात, चहाला चाय, आणि कांदा-टोमॅटोच्या कोशिंबिरीला कचुंबरी. अंधार पडल्यावर पहारेकरी विजेरी घेऊन तंबूपर्यंत सोबत येतो. पिवळ्या तापाची लस मी टोचून घेतली आहे, हिवतापाच्या गोळ्या चालू आहेत, आणि काही अडचण आलीच तर नैरोबीहून फ्लाइंग डॉक्टर्सचे विमान येते. तू जुन्या जीनच्या कापडाची शिवून दिलेली पिशवी राजमा भरून मी गाडीच्या टपावर ठेवते आणि तिच्यावर कॅमेरा टेकवते. इतरांच्या विकतच्या उशा घसरतात, तुझी घसरत नाही. ड्रायव्हरने अशीच एक मागितली आहे. डोळ्याला ताण पडणार नसेल तरच शीव.

आणि आता ऐका. बाथरूममध्ये पकडायला जो स्टीलचा दांडा बसवला आहे, त्याच्यावर टॉवेल वाळत घालायचा नाही. बाबांनी स्टुलावर चढून गणपतीची आरास करायची नाही. दादाचा मुलगा येईल, त्याला वाकडीतिकडी करू दे. मोदक आईने एकवीसच करायचे, शेजारच्यांचे शेजारी बघतील, आणि बाबांनी त्यातले दोनच खायचे. चार खाऊन दोन सांगितले तरी सकाळी साखरेचा आकडा खरे बोलतो, हे लक्षात असू द्या. रात्रीचा दिवा पॅसेजमध्ये चालू ठेवा, बिल मी भरते. दर शनिवारी रक्तदाब मोजून वहीत लिहायचा आहे, अंदाजे नव्हे. हे सगळे मी रागाने लिहीत नाही. समोर असते तर स्वतः केले असते, आणि समोर नाही म्हणून आवाज चढतो आहे एवढेच.

बाबा, तुम्हाला राग आला असेल तर १३ तारखेला समोर बसवून बोला, मी ऐकून घेईन. फोनवर मात्र गप्प राहू नका, इतक्या लांबून तुमचे गप्प राहणे सोसत नाही.

सोबत अकरा फोटो पाठवत आहे. बारावा मी घरी आल्यावर तुम्हा दोघांचा अंगणात काढीन. आईने त्या दिवशी अबोली रंगाची साडी नेसावी, आणि बाबांनी कृपा करून तो फाटका बनियन घालू नये.

तुमची,
चिमणी