तातडीची खरेदी झाली, तिचा हिशेब लोकांसमोर कधी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

करोनाच्या दोन्ही लाटांत रोज संध्याकाळी कोल्हापूर जिल्हा प्रशासनाचा तक्ता आपल्या मोबाईलवर यायचा. करवीर, हातकणंगले, शिरोळ, गडहिंग्लज अशी तालुकावार यादी असायची: नवे रुग्ण किती, बरे किती झाले, दगावले किती. पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी अशीच रात्रंदिवस कळवली जाते. ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे इथल्या पोराटोरांनाही पाठ आहे. संकट अगदी भरात असतानाही आकडे गोळा करून लोकांना देणारी यंत्रणा आपल्या जिल्ह्यात आहे आणि ती चोख चालते. मग त्याच दिवसांत मास्क, पीपीई किट, सॅनिटायझर, औषधे, ऑक्सिजनचे साहित्य काय दराने आणि कोणाकडून घेतले, याचा तक्ता का निघाला नाही? आज इतकी वर्षे झाली तरी सामान्य माणसाला तो एका जागी वाचायला मिळत नाही. हे पत्र त्यासाठीच.

तातडीच्या खरेदीला माझा विरोध नाही. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ५० नुसार आपत्तीत निविदेची नेहमीची पद्धत बाजूला ठेवून खरेदी करता येते. माल कामी आला असे नियंत्रण अधिकाऱ्याने प्रमाणित केले की ते प्रमाणपत्रच हिशेबाला व्हाउचर म्हणून चालते. ही सवलत हवीच. एप्रिल २०२० मध्ये सीपीआर या इथल्या सरकारी रुग्णालयातले डॉक्टर आणि नर्स किटची वाट पाहत असताना निविदेच्या मुदती मोजत बसणे गुन्हा ठरला असता. पण या कलमाने सूट दिली ती निविदेला. काय घेतले आणि किती पैसे मोजले हे लोकांना न सांगण्याची मुभा त्यात कुठेच नाही. उलट त्याच वर्षीच्या माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ सांगते की अशी माहिती कोणी अर्ज करण्याची वाट न पाहता कार्यालयाने स्वतःहून प्रसिद्ध करावी.

मी आयुष्यभर सहकारी संस्थेत हिशेब लिहिले. त्या सवयीने माहिती अधिकारात अर्ज करून एका सरकारी कार्यालयातली करोनाकाळातली खरेदीची फाईल पाहिली. पुरवठा आदेश होता, देयक होते, ‘तातडीची बाब म्हणून मान्यता’ असा शेराही होता. दर कसा ठरला याचा मात्र कागद नव्हता. देयकावर नुसते ‘एन-९५ मास्क’ लिहिलेले; कंपनी नाही, बॅच नंबर नाही. साठा नोंदवहीत माल आल्याची नोंद सापडली, पण तो कोणत्या केंद्राला किती गेला तो रकाना कोराच. पैसे खाल्ले असे मी म्हणत नाही, तसा पुरावा माझ्याकडे नाही. पण फाईल पाहून खरेदी योग्य होती की अयोग्य हे कुणालाच ठरवता येणार नाही, आणि माझी तक्रार नेमकी ही आहे.

कारण यात सगळ्यात जास्त नुकसान प्रामाणिक अधिकाऱ्याचे होते. पहिल्या टाळेबंदीत माल मिळत नव्हता, त्यामुळे दर चढे होते. नंतर पुरवठा वाढला आणि दर उतरले. ऑक्टोबर २०२० मध्ये राज्य सरकारने एन-९५ मास्कची कमाल किंमत प्रकारानुसार १९ ते ४९ रुपयांच्या दरम्यान बांधून दिली, तीन पदरी मास्कची ४ रुपये. म्हणजे एप्रिलमध्ये जास्त दराने घेतलेला मास्क रास्त असू शकतो आणि डिसेंबरमध्ये त्याच दराने घेतलेला संशयास्पद. हा फरक तारीखवार आकडे खुले असतील तरच दिसतो. ते झाकून ठेवले की चांगला आणि वाईट दोघेही एकाच संशयात अडकतात आणि निवडणूक आली की दोघांवर सारखीच चिखलफेक होते.

मुंबईत काय झाले ते पाहा. राज्य सरकारने २०२२ मध्ये मुंबई महापालिकेच्या सुमारे १२ हजार कोटींच्या खर्चाची तपासणी कॅगकडे, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांकडे सोपवली. त्यातला सुमारे साडेतीन हजार कोटींचा करोना खर्च तपासता आला नाही, कारण १८९७ चा साथरोग कायदा आणि आपत्ती कायदा यांचा आधार घेऊन महापालिकेने त्याची कागदपत्रेच दिली नाहीत. सव्वाशे वर्षांपूर्वी प्लेगच्या साथीत झालेला कायदा सद्भावनेने केलेल्या कामाला संरक्षण देतो, हे बरोबरच आहे. पण ते संरक्षण हिशेब न दाखवण्यासाठी वापरायचे, हे मला अत्यंत संतापजनक वाटते. केरळमध्ये तपासणी झाली. चढ्या दराने किट घेतल्यामुळे सुमारे १० कोटी रुपये जादा गेले, असे कॅगने म्हटले. पण तो अहवाल आला २०२५ मध्ये. इतक्या उशिरा जाब विचारायचा कोणाला आणि वसुली करायची कशी?

खासगी रुग्णालयांच्या बाबतीत आपल्या राज्य सरकारने किती तत्परता दाखवली होती, हे आपण पाहिले आहे. मे २०२० मध्ये दर ठरवून दिले: साध्या वॉर्डला दिवसाला ४,००० रुपये, आयसीयूला ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. बिले तपासायला लेखापरीक्षक नेमले आणि जास्त घेतलेले पैसे अनेक कुटुंबांना परत मिळाले. ते उत्तम काम होते. खासगी बिल चार दिवसांत तपासता येते, तर सरकारी बिलाला चार वर्षे का लागावीत?

आपल्या शहरात आणखी एक गोष्ट घडली, तिची फारशी चर्चा झाली नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि प्रशासक आले. २०२१ च्या उन्हाळ्यातली दुसरी लाट आपल्याला सर्वात जड गेली. राज्यात इतरत्र रुग्ण घटत असताना इथले आकडे खाली यायला तयार नव्हते. त्या काळातला सगळा खर्च नगरसेवकांशिवाय, स्थायी समितीशिवाय झाला. गावच्या दूध संस्थेच्या सभेत डिझेलच्या खर्चावरून सभासद माईक हातात घेऊन चेअरमनला उभे करतात, आणि लाखो लोकांच्या जिवाशी संबंधित खरेदीवर प्रश्न विचारायला सभागृहच नव्हते.

आता महापालिकेत पुन्हा लोकांनी निवडून दिलेले सभागृह आहे. नव्या नगरसेवकांनी पहिल्या काही सभांतच २०२०-२१ आणि २०२१-२२ या दोन वर्षांतल्या करोना खरेदीची वस्तू, नग, दर, पुरवठादार, तारीख आणि माल कुठे पोचला अशी यादी मागावी आणि ती मराठीत संकेतस्थळावर टाकायला लावावी. जिल्हा परिषदेनेही तेच करावे. गावोगावच्या ग्रामपंचायतींना आपल्या वाट्याला काय आले ते पडताळून पाहता येईल. लेखापरीक्षणात निघालेले आक्षेप आणि त्यावर दिलेली उत्तरे यादीसोबतच हवीत.

आणि पुढच्यासाठी जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने एक साधा नियम करावा. कलम ५० खाली कोणतीही खरेदी झाली की सात दिवसांत तिचा तपशील जाहीर व्हावा. हे काम पुढच्या साथीची वाट पाहत ठेवू नये. २०१९ आणि २०२१ च्या महापुराने आपल्याला शिकवले आहे की इथे आपत्ती दर दोन-तीन वर्षांनी दारात येते. बोटी, चारा, जंतुनाशके, निवारा केंद्रातले जेवण अशी खरेदी तेव्हाही घाईतच होते. येत्या पावसाळ्यात पाणीपातळीचा तक्ता जिथे लागेल, तिथेच खरेदीचाही लागावा, एवढी जिल्हाधिकाऱ्यांना माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला,
एक वाचक,
राजारामपुरी, कोल्हापूर