भाई, त्या दोन बाटल्यांबद्दल

प्रिय भाई,

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं, जेवलात का?" म्हणून विषय बदलता. म्हणून हे उघड पत्र. तुमचं नाव घालत नाही, ते तुम्हाला आवडायचं नाही. गोव्यातल्या फोंड्याकडचे, पीडब्ल्यूडीतून निवृत्त झालेले भाई, एवढं पुरे.

पुणं सोडून गोव्यात राहायला जावं का, असं कुणालाही विचारा, सल्ला फुकट मिळतो. पण तो सगळा डिसेंबरातला असतो. व्हिडिओवाले बाल्कनीतून समुद्र दाखवतात. ओळखीतले शहाणे "पैसे असतील तर घेऊन टाका" म्हणतात. आणि दोन्ही बाजूंनी दोन-दोन टक्के घेणारा एजंट उत्तर गोव्यातल्या बार्देश तालुक्यातल्या नदीकाठच्या घराबद्दल तोंडभरून सांगतो: पोर्तुगीज काळातलं घर, गोड्या पाण्याची विहीर, कागद एकदम क्लिअर. या तिन्हीतलं एकही त्याने स्वतः तपासलेलं नव्हतं. तुमचा यात एक पैशाचा संबंध नव्हता, तरी तुम्ही मे महिन्याच्या उन्हात अमावस्या बघून त्या घराची विहीर तपासायला आलात. सोबत काचेच्या दोन रिकाम्या बाटल्या, बुचं आणि सुतळीचं बंडल.

एजंटने कळशीभर पाणी काढून पाजलं होतं आणि ते खरंच गोड होतं. तुम्ही हसलात फक्त. पहिली बाटली वरच्या पाण्याने तीनदा विसळून भरलीत. दुसरीच्या गळ्याला दगड बांधला, बूच ढिलं बसवलं, बुचाला वेगळी सुतळी लावली आणि बाटली तळापर्यंत सोडून मग बुचाची सुतळी हिसकली. वर बुडबुडे आले. बाटली वर ओढून तोंडावर अंगठा दाबलात, बूच लावलंत आणि खिशातल्या चिकटपट्टीचा तुकडा चिकटवून त्यावर बॉलपेनने लिहिलंत: तारीख, "तळ", "भरती". पहिलीवर तारीख, "वर", "भरती".

त्या चिकटपट्टीवरचा "भरती" हा शब्द दुसऱ्या कुणी लिहिला नसता. किनाऱ्यालगत गोडं पाणी जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. समुद्रसपाटीच्या वर ते १ फूट असेल तर खाली साधारण ४० फूट गोडं पाणी असतं, असा ढोबळ हिशेब. उलट पंपाने ती पातळी फूटभर उतरवली की खारं पाणी खालून तेवढ्याच पटीत वर सरकू बघतं. भूजल मेअखेरीला सगळ्यात खाली गेलेलं असतं, अमावस्येच्या उधाणाच्या भरतीला नदीचं खारं पाणी सगळ्यात आत चढतं, म्हणून विहिरीची खरी परीक्षा त्याच दिवशी. आणि कळशी वरचं पाणी आणते, पंपाचा फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाणी ओढणारं तोंड, मात्र तळाशी बसलेला असतो. म्हणजे चव बघायची वरची आणि टाकी भरायची तळाची.

लॅबमधून आलेले आकडे तुम्हाला कळवलेच होते. वरच्या बाटलीचा टीडीएस, म्हणजे लिटरमागे विरघळलेल्या क्षारांचे मिलिग्रॅम, ५०० च्या आत, तळाच्या बाटलीचा २००० च्या पलीकडे. पिण्याच्या पाण्याच्या मानकात ५०० ही पसंतीची मर्यादा आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. असल्या पाण्याने गीझरची टाकी आतून गंजते, नळांना पांढरे खर धरतात आणि आरओ बसवला तर भरतं त्याहून जास्त पाणी फेकून देतो. आसपासच्या घरांनी पर्यटकांसाठी तरणतलाव खोदलेत आणि टँकरही तिथल्याच विहिरींतून भरतात, हे तुम्ही बोलून दाखवलंत. एजंट मोबाइल बघत बसला होता.

तुमचं एकच वाक्य लक्षात ठेवलंय, "घर घेवचे आदीं उदक पळयात." घर घेण्याआधी पाणी बघा.

भिंतींचं तुम्ही पाचच मिनिटांत उरकलंत. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने मागच्या पडवीचा स्लॅब ठोकत गेलात आणि ताज्या पुट्टीखाली बद्द आवाज आला. किनारी हवेला उघड्या असलेल्या आरसीसीत सळीवर ४५ मिमी कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर, हवा असं काँक्रीटचं भारतीय मानक आयएस ४५६ सांगतं. तिथे निम्मंही नसणार, कारण क्षार आत शिरले, सळी गंजून फुगली आणि तिने वरचं काँक्रीट उचललं. जुना चिऱ्याचा, म्हणजे जांभ्या दगडाचा, भाग उलट ठणठणीत होता. बिघडवला होता तो नंतर केलेल्या सिमेंट गिलाव्याने आणि प्लास्टिक पेंटने. चिरा ओल पितो आणि सोडतो, त्याला चुन्याचा गिलावा लागतो. वरून तोंड बंद केलं की ओल आतच राहते आणि लोणा, म्हणजे क्षारांची पांढरी पूड, फुटतो. दक्षिण-पश्चिमेच्या भिंतीला कपाट टेकवायचं नाही, चार बोटं जागा सोडायची. बिजागऱ्या आणि स्क्रू ३०४ स्टीलचे नकोत, ३१६ चे घ्या, त्यात मॉलिब्डेनम असतं. कौलं दरवर्षी मेमध्ये चाळून घ्यायची, आणि त्यासाठी माणूस एप्रिलमध्येच सांगून ठेवायचा, नंतर मिळत नाही. हे सगळं त्या घरासाठी नव्हतंच. कुठलंही घेतलं तरी उपयोगी पडावं म्हणून तुम्ही सांगत होतात.

कागदांचं वाचून दाखवलंत तेव्हा एजंटचा 'क्लिअर' शब्द गळून पडला. एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे गोव्यातल्या सातबाऱ्यावर, कब्जेदार म्हणून एकाच भावाचं नाव, आणि विक्रीलाही तोच पुढे. पण उतारा म्हणजे मालकी नाही, घरपट्टीची पावती तर नाहीच. गोव्यात अजून पोर्तुगीज काळातला नागरी कायदा लागू आहे. नवरा-बायकोची मिळकत सहसा सामाईक, वारशाने आलेलीसुद्धा. म्हणजे बाकीची भावंडं, बहिणी, आणि त्या प्रत्येकाचा नवरा किंवा बायको, सगळ्यांच्या सह्या हव्यात. इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधली कोर्टातली वाटणी, झालेली नसेल तर आधी ती. एक भाऊ परदेशात आणि त्याच्या बायकोची सही नाही, एवढ्यावर व्यवहार वर्षानुवर्षं अडकतो. शिवाय इतर हक्कांच्या रकान्यात मुंडकाराची, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर पूर्वापार घर करून राहणाऱ्याची, नोंद होती. १९७५ च्या कायद्याने मुंडकाराला आपलं घर आणि भोवतालची जागा विकत घेता येते. सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगत बांधकामावर निर्बंध असलेला पट्टा, फक्त समुद्रालाच असतो हा पुण्या-मुंबईचा समज आहे. भरती चढते तिथवर तो नदीच्या काठालाही लागतो. आणि शेजारचं सपाट हिरवं पटांगण 'प्लॉट' नसून भर घातलेलं खाजन, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल शेतजमीन, आहे. मानशीचं, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या झडपेचं, दार मोडलं किंवा बांध फुटला की भरतीचं पाणी आपली जुनी जागा शोधत येतं, हे तुम्ही कुंपणाशी उभं राहून सांगितलंत.

एवढं ऐकून कुणीही म्हणालं असतं, येऊच नका. तुम्ही ते म्हणाला नाहीत. उलट परतीच्या वाटेवर गोव्याच्या बाजूने जे सांगितलंत तेही तेवढंच तोलून. गोव्याच्या दोन टोकांमधलं अंतर फार तर तीन-चार तासांचं. मराठीत रोजची वर्तमानपत्रं. मुलांना शाळेतून घरी यायला पुण्यासारखा तास-दीड तास लागत नाही. बांबोळीचं सरकारी हॉस्पिटल इतकं मोठं की सावंतवाडी-दोडामार्गचे लोकही तिथेच येतात. आणि लगेच पुढचं: गोव्याबाहेरच्यांना तिथे शुल्क लागतं, दीनदयाळ या सरकारी आरोग्य विमा योजनेचं कार्ड ५ वर्षं राहिल्यावर मिळतं, सरकारी नोकरीसाठी १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला. घरात म्हातारी माणसं असतील तर आरोग्य विम्याचा हप्ता खर्चात धरूनच निघा. गाडी १२ महिन्यांहून जास्त ठेवायची तर पुण्याच्या आरटीओतून फॉर्म २८ वर एनओसी, मग गोव्यात नव्या नंबरासाठी फॉर्म २७, तिथला रोड टॅक्स, आणि महाराष्ट्रातल्या उरलेल्या कराचा परतावा आठवणीने मागायचा. रात्री गावात बस नाही, त्यामुळे एका घराला दोन वाहनं लागतात. हे कुठल्याच व्हिडिओत येत नाही. जून-जुलैत ट्रॉलर बंद, मासळी महाग. त्याआधी पुरुमेत, म्हणजे पावसाळ्यासाठीचा साठा, भरून ठेवायचं.

चांगुलपणा म्हणजे गोड बोलणं असं आपल्याकडे हल्ली समजतात. गोड बोलणारे भरपूर भेटले. ज्याला समोरच्याचा निर्णय कुठल्याही बाजूला झुकवून काही मिळवायचं नाही, असा माणूस विरळा. "मुंडकाराचं प्रकरण कुठवर आलंय ते मला ठाऊक नाही, मामलेदार कचेरीत विचारा" असं तुम्ही सरळ म्हणालात. माहीत नसलेलं माहीत नाही म्हणून सांगणारा त्या सगळ्या घोळात एकच माणूस होता. तुमच्यासारखी माणसं प्रत्येक तालुक्यात चार-दोन असतात आणि त्यांचा कुठे बोर्ड लागलेला नसतो.

तर ते घर सोडलं. खरेदीच सध्या नको, आधी फोंड्याकडे भाड्याने, किनाऱ्यापासून आत, नळाचं पाणी असलेल्या जागी. आणि तुमच्या म्हणण्याप्रमाणे करार जूनपासून, म्हणजे पावसाळा आधी भेटेल. अकरा महिन्यांचा आहे. सीझन आला की ऑक्टोबरात घर रिकामं करायला लावतात म्हणून मधल्या काळात मालकाने नोटीस देऊ नये असं कलम घातलंय, आणि भाडेकरूच्या पोलीस पडताळणीचा फॉर्म मालकानेच भरायचा असंही. मसुदा सोबतच्या पाकिटात आहे. कलम सात आणि नऊ एकदा नजरेखालून घालाल का? पेन्सिलने खुणा केल्यात तरी चालेल.

बाटल्या धुऊन ठेवल्या आहेत, येताना परत आणतो. काकूंना नमस्कार सांगा.

आपले,
पुण्याहून निघायच्या तयारीतले दोघे