मधला खंड गाळू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लांबलचक कादंबरी-मालिका कशा वाचाव्यात, यावर आपल्या रविवार पुरवणीत लेख आला आहे. त्यात एन. के. जेमिसिन यांच्या 'ब्रोकन अर्थ' या त्रयीबद्दल सल्ला असा: पहिला खंड वाचा, तिसरा वाचा, मधला 'द ओबेलिस्क गेट' म्हणजे नुसती भरताड, त्याचा सारांश नेटवर मिळतो. लेखकमहाशयांनी तो खंड उघडून पाहिला असेल असे वाटत नाही. मी भूगोल शिकवून निवृत्त झाले, पाटण तालुक्यात राहते, आणि तिन्हींपैकी पुन्हा हातात घेतला तो हाच खंड.

ज्यांनी मालिका वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. या जगात एकच मोठा भूभाग आहे आणि तो सतत हादरत असतो. काही शतकांनी एखादा उत्पात असा होतो की वर्षानुवर्षे राखेने आभाळ झाकून जाते, पिके जातात. भूकंप थोपवण्याची किंवा घडवण्याची शक्ती काही माणसांत जन्मतःच असते. समाजाला त्यांची गरजही असते आणि किळसही. पोरवयातच त्यांना एक तर ठेचतात, नाही तर संस्थेत नेऊन राबवून घेतात. पहिल्या खंडात असाच एक जण जमीनच दुभंगून टाकतो. त्याच सुमारास एसून नावाच्या बाईचा नवरा पोटच्या लहानग्या पोराला, त्याच्यात ती शक्ती दिसली म्हणून, मारून टाकतो आणि मुलीला घेऊन निघून जातो. हे सगळे धडाधड घडते.

दुसऱ्या खंडात एसून कॅस्ट्रिमा नावाच्या वस्तीत अडकून पडते. याचा लेखकमहाशयांना कंटाळा आला असावा. मला मात्र इथेच पुस्तक खरे वाटू लागले.

ती वस्ती आहे जमिनीखाली, एका प्रचंड पोकळ दगडाच्या पोटात, स्फटिकांच्या खांबांमधून. वेरूळ-अजिंठ्याला विक्रेते फोडलेले दगड मांडून बसतात, वरून काळेकुट्ट आणि आत जांभळे-पांढरे चकाकणारे, ते आठवा. आपल्या बेसाल्टमध्ये लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या, त्यांत पाणी झिरपून स्फटिक वाढले. एवढा मोठा बुडबुडा निसर्गात होणार नाही, हे वर्गात मी ठणकावून सांगितले असते. पण लेखिका एवढ्या बारकाईने लिहिते की शंका मागे पडते. तिथला उजेड आणि हवा चालते ती केवळ ती शक्ती असलेली माणसे आत राहतात म्हणून. शेजारी मात्र त्यांना एकाच वेळी भितात, हिणवतात आणि त्यांच्याच जिवावर श्वास घेतात.

मग सुरू होतात बैठका. कोठारात धान्य किती दिवसांचे? शिकार संपली, आता मांस कुठून आणायचे? (उत्तर तुम्हाला सुचले असेल तेच आहे.) बाहेरून एका शहराचे सैन्य येते आणि ती शक्ती असलेल्यांना वगळून बाकीच्यांना सामावून घेऊ म्हणते. वस्ती मतदानाला बसते, तेव्हा एसून ते मतदानच उधळून लावते: माणूस कोणाला म्हणायचे हे मतांवर ठरत नसते. मला हा प्रसंग अख्ख्या मालिकेतला सर्वात मोठा वाटतो, आणि सारांशात तो एका ओळीत जाईल.

मला हे का भावले, तेही सांगते. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी शाळकरी होते. त्या पहाटेबद्दल आमच्याकडे कोणीही तासभर बोलेल. पुढच्या वर्षाबद्दल कोणी बोलत नाही. आमच्या घरात भिंतीखाली गेलेली ज्वारी उपसून काढली, आई आणि चुलती ती रोज चाळत बसायच्या, तरी भाकरी दाताखाली कचकच करायची. मदतीची यादी कुटुंबागणिक होती, म्हणून एका चुलीवर जेवणाऱ्या भावांनी कागदावर दोन चुली मांडल्या. पुढे त्या खरोखरच दोन झाल्या. धरणाच्या पाण्यामुळे भूकंप होतो की काय, याचा जगभर अभ्यास झाला, होतोही आहे. चुलींचा कोण करणार?

एसूनच्या मुलीची, नासूनची गोष्ट याच खंडात सुरू होते. बाप तिला दूर दक्षिणेला नेतो, 'बरी' करून घ्यायला. तिथे तिला माया मिळते ती शाफाकडून, म्हणजे ज्याने तिच्या आईचा लहानपणी शिस्तीच्या नावाखाली हात मोडला त्याच माणसाकडून. आणि आईनेही लेकीला शिकवताना तेच केलेले असते. लेकीच्या बाजूने हे वाचताना एसूनबद्दलचे आपले मत हलते. पहिल्या खंडात तिचा कळवळा येतो; इथे तिचा रागही येतो आणि कळवळाही सुटत नाही. हे गाळून तिसऱ्या खंडात नासून जे करायला निघते ते कळायचे कसे? शेवट सांगत नाही.

दोषही आहेत. एसूनचा भाग 'तू' म्हणून सांगितला आहे, त्याला डोळे सरावायला वेळ लागतो. चंद्र हरवल्याने भूमी चवताळली हा कथेचा गाभा, पण चंद्र-सूर्याच्या ओढीने जमीन रोज फार तर तीस-चाळीस सेंटीमीटर वर-खाली होते, तेवढ्यावर एवढा डोलारा पेलत नाही. लेखिका तिथे सरळ जादूचा आधार घेते. विज्ञानकथेचे कट्टर वाचक नाक मुरडतील. मुरडोत.

एक दुरुस्ती मात्र जरूर छापावी. आपल्या लेखात ह्यूगो पुरस्कार, म्हणजे विज्ञानकथा आणि अद्भुतकथांचा मानाचा पुरस्कार, फक्त पहिल्या खंडाच्या नावावर आहे. तो २०१६ चा. २०१७ चा ह्यूगो याच 'भरताड' खंडाला मिळाला आणि २०१८ चा तिसऱ्याला. सर्वोत्कृष्ट कादंबरीचा ह्यूगो सलग तीन वर्षे मिळवणाऱ्या जेमिसिन पहिल्याच लेखिका.

— एक निवृत्त भूगोल शिक्षिका,
पाटण, जि. सातारा